नवी कवळी, नऊ दिवस झाले, खालची जागेवर राहत नाही. किती दिवस कळ काढायची?

मास्तर_फोंडा:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहायची पाळी आली. वय ६६, फोंडा तालुक्यात मराठी शाळेत मास्तर होतो, आता निवृत्त. डायबेटीस जुना, त्यात हिरड्या गेल्या, दात एकेक करून हलायला लागले, शेवटचे खालचे सात फेब्रुवारीत काढले. मग जखमा भरेपर्यंत तीन महिने थांबलो, मापं झाली, ट्रायल झाली आणि बरोबर नऊ दिवसांपूर्वी वरची-खालची दोन्ही कवळी तोंडात आली. आमचं घर कवळे गावाजवळ, त्यामुळे दोस्तांचा विनोद तयारच होता, कवळ्याचा माणूस शेवटी कवळीवर आला म्हणून. मी पण हसून घेतलं, निदान हसताना दात तरी दिसले.

आता त्रास सांगतो. वरची बरी बसते, टाळूला धरून राहते, पण तोंडात कोणीतरी बशी कोंबलीय असं वाटतं. खालची म्हणजे नुसती होडी. जीभ जरा उचलली की ही उचलते, बोलताना टकटक वाजते, पाणी पिताना सुद्धा डुलते. पहिले चार दिवस लाळ एवढी की रुमाल हातातून सुटला नाही. डावीकडे खाली आतल्या बाजूला एक जागा सोलवटलीय, जीभ लागली तरी झोंबतं. जेवणाचं म्हणाल तर सकाळी पेज आणि दुपारी मऊ शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी), आणि हुमणाला चवच नाही हो, बायको म्हणते मीठ बरोबर आहे, मी वरून घालतो आणि मग ती माझ्याकडे अशी बघते की दुसरा घास घशाखाली जात नाही.

आणि बोलणं! ३५ वर्षं पोरांना स आणि श वेगळा काढायला शिकवला, आणि आता माझ्याच तोंडून 'सासूबाई' म्हटलं की शिट्टी वाजते. चवथ (गणेश चतुर्थी) दीड महिन्यावर आली. वाड्यावरच्या आरत्या मी सुरू करतो, घुमट-शामेळ वाजवणारे माझ्या तोंडाकडे बघून ताल धरतात, तिथे खालची कवळी बाहेर उडी मारून पाटावर पडली तर पुढची दहा वर्षं तोच विषय होईल.

डॉक्टर म्हणाले सवय होईल, दुखलं तर या. पण कितपत दुखलं की जायचं? माणूस उगाच तक्रारखोर दिसायला नको. मेव्हणा म्हणतो रात्री सुद्धा काढू नका म्हणजे लवकर सवय होईल, शेजारी म्हणतो रात्री काढलीच पाहिजे. आणि धुवायची कशाने? जे स्वतः वापरतात त्यांनी सांगा, ऐकीव नको.

बार्देसकार_६१:
मास्तर, माझी सात वर्षांची झाली, म्हणून अधिकाराने सांगतो, नऊ दिवस म्हणजे काहीच नाही. माझी चूक काय झाली ते आधी ऐका. मला पण खालची टोचायची म्हणून मी ती काढून कपाटात ठेवली आणि वरचीवर दोन महिने काढले, नंतर घालायला गेलो तर पहिल्या दिवसापेक्षा वाईट. तोंडाला सवय लावायची तर ती तोंडात पाहिजे, कपाटात ठेवून कपाटालाच सवय होते.

खालचीची खरी गोम जिभेत आहे. बोलून झालं, गिळून झालं की जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागे टेकवून सोडायचं, आपोआप. तुम्ही बहुतेक जीभ मागे ओढून बसत असणार, घाबरलेला माणूस तसंच करतो, आणि जीभ मागे गेली की होडीचं मागचं टोक सुटतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, महिन्याभराने आरशासमोर उभा राहून कळलं. आरशासमोर 'चमचा, जहाज, साठ, सत्तर, फणस' हे मोठ्याने म्हणत बसायचो, बायको म्हणायची देवाला तरी आळव, भाजीची यादी काय म्हणतोस. पेपर पण मोठ्याने वाचा रोज दहा-पंधरा मिनिटं, तुम्ही मास्तर आहात, तुम्हाला काय सांगायचं.

खाताना पुढच्या दातांनी चावा घेऊ नका, वरची मागून लगेच सुटते. पदेराचा (पाववाल्याचा) उंडो पाव असेल तर तोडून हुमणात बुडवून. आणि एका बाजूने चावू नका, आपल्याला सगळ्यांना एकाच बाजूची खोड असते, घास दोन्हीकडे थोडा थोडा ठेवून दोन्हीकडे एकदम चावायचं म्हणजे कवळी एका अंगाला कलत नाही. सुरुवातीला विचित्र वाटतं, गाय रवंथ करते तसं.

आता गोंयकारासाठी सगळ्यात महत्त्वाचं. काटा! टाळू झाकलेला असतो त्यामुळे काटा तोंडात आहे हे कळतच नाही. आधी आपण जिभेने टाळूवर घासून काटा वेगळा काढायचो ना, ते गेलं. मी दुसऱ्या महिन्यात बांगड्याच्या हुमणावर तुटून पडलो आणि काटा घशात, रात्री इस्पितळात नेला पोरांनी. तेव्हापासून पहिले काही महिने मोरीचं मटण (मोरी म्हणजे शार्क, तिला काटेच नाहीत, नुसती कूर्चा), इसवणाचा (सुरमईचा) मधला तुकडा, सुंगटां (कोळंबी). बारीक काट्यांचे पेडवे तर विसराच, निदान यंदा. बांगडा खायचाच असेल तर ताटात बोटांनी चाचपून मग तोंडात.

गरम चहाचं पण तसंच. टाळूला ऊब कळत नाही, एकदम घशाला कळते. आधी ओठाला लावून बघा.

डिचोलीची_सून:
सर, मी स्वतः वापरत नाही पण सासूबाईंची गेली पाच वर्षं मीच सांभाळते, तेव्हा ऐकीव नाही. आमच्याकडे झालेले घोटाळे सांगते म्हणजे तुमचे वाचतील.

पहिला घोटाळा माझाच. नवीन होती, मला वाटलं निर्जंतुक करावी, म्हणून उकळतं पाणी ओतून झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणतात ही माझी नव्हे, कोणाची तरी बदलली. वाकली होती! डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण तोंडात बसेना. पूर्ण नवीन करावी लागली. साधं नळाचं पाणी किंवा फार तर कोमट, बस.

दुसरा घोटाळा एका लग्नात. शेवटच्या पंगतीला काहीतरी दाताखाली अडकलं म्हणून त्यांनी काढून पेपर नॅपकिनात गुंडाळून ताटाच्या कडेला ठेवली आणि वाढपी ताट उचलून गेला. हॉलच्या मागे मोठ्या पिंपात आम्ही दोघी, शालू नेसून, मी आणि जाऊ, वरणभाताने भरलेली पानं एकेक उलटतोय. सापडली, पण तेव्हापासून झाकणाची डबी पर्समध्ये कायम, आणि नियम असा की कवळी एक तर तोंडात नाही तर डबीत, तिसरी जागा नाही. कुत्रा असेल घरात तर आणखी जपा, आमच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याने पायरीवर ठेवलेली उचलून नेली आणि चघळून ठेवली.

धुण्याचं रोजचं असं. प्रत्येक जेवणानंतर काढून नळाखाली धुवायची, नुसतं पाणी. रात्री झोपायच्या आधी नीट. बेसिनमध्ये आधी पाणी भरून घ्यायचं किंवा खाली जाड टॉवेल पसरायचा, कारण ही साबणाने निसटते, आणि बेसिनवर पडली की दोन तुकडे. मऊ ब्रश वेगळा ठेवायचा, त्यावर भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. बाहेरचे दात सगळे घासतात, खरी घाण असते आतल्या बाजूला, हिरडीला लागते त्या खोलगटात, तिथे बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर अजून घासायची. धरताना पण तळहातात अलगद, मुठीत दाबली की खालची मधोमध चटकन मोडते. मग वाटीत साध्या पाण्यात बुडवून ठेवायची, कोरडी ठेवायची नाही, सुकली की आकार बिघडतो.

आणखी एक, हे वैद्यकीय नाही. सासूबाई पदर तोंडावर घेऊन काढतात, कोणी बघितलेलं त्यांना आवडत नाही. म्हणून वाटी झाकणाची, आणि ती त्यांच्या खोलीत, सगळ्यांच्या बेसिनवर नाही.

सगळं_घरीच_करा:
एवढं काय त्यात. माझ्या वडिलांची आम्ही टूथपेस्ट लावून घासायचो, चकाचक. आणि टोचते तिथे नेलफायलीने किंवा बारीक पॉलिश पेपरने घासली की काम झालं, डॉक्टरकडे प्रत्येक वेळी कशाला धावायचं. ढिली झाली तर आत थोडा कापूस.

दातांची_डॉक्टर_मडगाव:
वरचा प्रतिसाद वाचून गप्प बसवेना. मी रोज कवळ्याच करते. तोंड बघितल्याशिवाय कोणाला उपचार सांगत नाही, पण काही गोष्टी सगळ्यांना सारख्याच लागू आहेत.

फाईल अजिबात नको. टोचते एका ठिकाणी आणि माणूस घासतो भलत्याच ठिकाणी, कारण आरशात बाजू उलटते आणि कवळी हातात घेतल्यावर तर सगळंच उलटं. कडेचा मिलिमीटरभर जास्त गेला की हवा आत शिरते आणि पकड संपली, तो मिलिमीटर परत येत नाही. कापूस तर त्याहून वाईट, ओला कापूस म्हणजे बुरशीची नर्सरी, आणि दाब एकाच जागी येऊन खालचं हाड झिजतं. टूथपेस्टचं सांगायचं तर ॲक्रिलिक हे दाताच्या आवरणापेक्षा बरंच मऊ असतं, पेस्टमधल्या खरखरीत कणांनी त्यावर बारीक ओरखडे पडतात, सुरुवातीला चकाचक दिसते आणि मग त्याच ओरखड्यांत डाग आणि बुरशी धरते. डिचोलीच्या ताईंचं भांड्यांचं लिक्विड बरोबर आहे, फक्त खळखळून धुवा. फसफसणाऱ्या गोळ्या मिळतात त्या चालतील, पाकिटावर लिहिलेली मिनिटं पाळा, नंतर धुवा, आणि गोळी कधीही तोंडात टाकायची नाही, हसू नका, टाकतात लोक.

आता मास्तरांचा प्रश्न, काय सोसायचं आणि काय नाही. लाळ सोसा, ती आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते, मेंदूला वाटत असतं की तोंडात खाण्याचं काहीतरी आहे. बशी कोंबल्यासारखं वाटणं सोसा. स, च, फ यांचा त्रास रोज मोठ्याने वाचलंत तर साधारण महिन्यात जातो. नीट चावायला सहा ते आठ आठवडे धरा, आणि हे पण आधीच सांगते, पूर्ण कवळीचा जोर खऱ्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढाच असतो, तेव्हा सुपारी आणि खाजें यांची आस सोडा. चव मुख्यतः जिभेवर असते, टाळू झाकल्याने घासाचा पोत आणि ऊब कळत नाही म्हणून सगळं फिकं लागतं, हेही हळूहळू सुधारतं. तोपर्यंत वरून मीठ घालू नका, त्यापेक्षा आंबट वाढवा, सोलां (आमसुलं) टाका.

पण सोलवटलेली जागा सोसायची नाही. तक्रारखोर वगैरे काही नसतं, कवळी दिल्यावर पहिल्या महिन्यात दोन-तीनदा येऊन घासून घेणं हा कवळी करण्याचाच भाग आहे. फक्त एक करा, लोक दुखतं म्हणून दोन दिवस काढून ठेवतात आणि तशीच खिशात घेऊन येतात, तोवर लाल जागा बरी झालेली असते आणि मला कुठे घासायचं ते दिसतच नाही. येण्याआधी सकाळपासून तीन-चार तास घाला, त्यावरच काहीतरी खा, मग या. घासल्यावर सुद्धा दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर परत दाखवाच, तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्की.

खालची डुलते यात तुमचा दोष नाही. वरचीला पूर्ण टाळूचा आधार, लाळेच्या पातळ थराने ती चिकटते. खालचीला त्याच्या जेमतेम निम्मी जागा, ती पण घोड्याच्या नालासारखी, मधे जीभ, बाहेर गाल, सगळे तिला ढकलतात. त्यात दात काढल्यावर हाड झिजतं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, आणि खालचं वरच्यापेक्षा कितीतरी जास्त. १९७२ साली छापलेल्या एका अभ्यासात २५ वर्षं कवळी वापरणाऱ्यांच्या मापांचा माग काढला होता, त्यात खालचं हाड वरच्याच्या साधारण चौपट झिजलेलं दिसलं. तुमचे दात फेब्रुवारीत काढलेत म्हणजे वर्षभरात ही ढिली होणार हे धरून चाला. तेव्हा आतून नवीन अस्तर भरून घ्यायचं, त्याला रिलाइन म्हणतात, नवीन कवळी लागत नाही. मला बार्देसकारांचा जिभेचा सल्ला फार आवडला, मी पेशंटना हेच सांगते पण इतकं सोपं करून नाही सांगता येत.

रात्री काढा. मेव्हण्यांना माझा नमस्कार सांगा आणि काढा. हिरड्यांना आठ तास मोकळा श्वास पाहिजे. रात्रंदिवस घालणाऱ्यांचा टाळू लालबुंद होतो, ती कॅन्डिडा नावाची बुरशी, आणि दुखत नाही म्हणून कळत पण नाही. डायबेटीसवाल्यांना ती लवकर धरते. जपानात सरासरी जवळपास ८८ वर्षांच्या ५२४ लोकांवर एक पाहणी झाली, २०१५ साली छापून आली, त्यात कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त दिसला. कवळी काढल्यावर हिरड्या, टाळू आणि जीभ ओल्या मऊ कापडाने पुसून घ्या, हे ९० टक्के लोक विसरतात (टक्केवारी माझ्या क्लिनिकची, छापील नव्हे!).

चिकटवायची पावडर किंवा क्रीम आरतीच्या दिवशी वापरा, हरकत नाही, वाटाण्याएवढी दोन-तीन ठिकाणी. पण झिंक नसलेली घ्या, झिंकवाली रोज भरपूर लावली की शरीरातलं तांबं कमी होऊन हातपाय बधिर झाल्याची उदाहरणं आहेत. आणि ट्यूबच्या ट्यूब लागत असेल तर कवळी मापाला नाही असं समजा.

पेडणेकर:
डॉक्टर, आईची करायची आहे, बांबोळीला दंत महाविद्यालयात करतात का? किती खेपा पडतात? पेडण्याहून बस बदलून जायचं म्हणजे दिवस मोडतो.

दातांची_डॉक्टर_मडगाव:
करतात, गोवा दंत महाविद्यालयात कवळीचा विभागच वेगळा आहे, विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात आणि खर्च बाहेरपेक्षा बराच कमी. खेपा कुठेही गेलात तरी साधारण पाच. पहिलं माप, मग पक्कं माप, मग वरचा-खालचा जबडा कसा मिटतो ते बघायचं, मग मेणात दात लावून ट्रायल, मग कवळी हातात. ट्रायलला आईंबरोबर घरातलं कोणीतरी जा आणि चेहरा नीट बघा, हसायला सांगा, बोलायला सांगा. मेणात दात हलवता येतात, नंतर नाही. आणि दिल्यावर घासायच्या खेपा वेगळ्या, त्या पण धरा.

बार्देसकार_६१:
जुना फोटो घेऊन जा ट्रायलला. माझे दात एवढे पांढरे आणि सरळ लावले होते की घरी आल्यावर नात म्हणाली आजोबा टीव्हीतले. एक दात जरा तिरका करून मागा, कोणाला कळत नाही.

मास्तर_फोंडा:
मंडळी, बारा दिवसांनी आलोय. डॉक्टरांचं ऐकून सकाळी पोळे खाऊन, कवळी घालूनच गेलो. आत पांढरी पेस्ट लावून बसवली, काढली तर जिथे दाबत होती तिथली पेस्ट पुसलेली, गुलाबी ठिपका स्पष्ट. मशीनने दोन सेकंद टर्र केलं, बस. बारा पंधरा दिवस ज्याच्यासाठी रडत होतो ते दोन सेकंदांचं काम! सोलवटलेलं चार दिवसांत भरलं, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करत होतो.

जीभ पुढे ठेवायची आठवण राहत नव्हती म्हणून नातवाने टीव्हीवर, आरशावर आणि देव्हाऱ्यावर 'जीभ' असं लिहून चिठ्ठ्या चिकटवल्या. पाहुणे आले की विचारतात, मी सांगत नाही. टकटक पुष्कळ कमी झाली. रोज अग्रलेख मोठ्याने वाचतो, स सुधारला, 'सासूबाई' आता शिट्टीशिवाय येते, 'संस्था' मात्र अजून अडकते. काल शामेळवाल्याला घरी बोलावून हळू आवाजात दोन आरत्या म्हणून बघितल्या. पहिली बरी गेली, दुसरीत वरच्या पट्टीत तोंड मोठं उघडलं आणि खालची उठली, पण मी जिभेनेच दाबून धरली आणि त्याला कळलं पण नाही, त्याने नंतर विचारलं मास्तर तो ठेका मुद्दाम लांबवलात का, मी हो म्हटलं.

मेव्हणा अजून घालूनच झोपतो, त्याचा टाळू टॉर्च लावून बघितला, लाल आहे, सोमवारी घेऊन जातोय त्याला.

एकच विचारायचं राहिलं, नेवऱ्या (करंज्या). घरात तळायला घेणार, आणि मी नुसता बघत बसणार नाही. चहात बुडवून चालतील का?

डिचोलीची_सून:
सर, सासूबाई दुधात बुडवतात, दोन मिनिटं. कडेची मुरड तेवढी काढून आधी नातवाला द्या, ती भिजत नाही.